कामाएवढं पाणी

सांगलीच्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं परीक्षेला एक प्रश्न ठरलेला असायचा: साम्यवाद आणि समाजवाद यांतला फरक स्पष्ट करा, गुण पाच. पोरांना तो आवडायचा, कारण पाठ करायला सोपा. मलाही आवडायचा. फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायची. डावीकडे समाजवाद: जमीन, कारखाने समाजाच्या मालकीचे, वर सरकार आहे, आणि जो जेवढं काम करेल तेवढं त्याच्या पदरात. उजवीकडे साम्यवाद: वर्ग उरले नाहीत, सरकारही हळूहळू विरून गेलं, माणसानं कुवतीप्रमाणे द्यायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. मग खडू झटकून मी सांगायची, ‘पोरांनो, डावीकडचं हे मधलं स्टेशन, उजवीकडचं शेवटचं. आधी टंचाई आहे तोवर कामाप्रमाणे, मुबलक झालं की गरजेप्रमाणे.’

तास उरला तर व्यवहारातलंही सांगायची. ज्या देशांना जग साम्यवादी म्हणत आलं, त्यांनी स्वतः कधी ‘आमच्याकडं साम्यवाद आला’ असं म्हटलं नाही. ते म्हणायचे, आम्ही अजून समाजवादाच्या पायरीवर आहोत, पुढचं पुढं. सरकार विरायचं राहिलं बाजूला, ते फुगतच गेलं, आणि पक्षाच्या माणसांची ताटं आधी वाढली गेली. दुसरीकडं मतपेटीतून येणारा समाजवाद. तो खाजगी मालकी मोडत नाही, पण सरकारी दवाखाना काढतो, शाळा काढतो, एसटी आडगावापर्यंत पाठवतो. हे सांगताना माझा आवाज चढायचा. स्वभावच तसा माझा, तापट आणि बोलका. उचलली जीभ लावली टाळ्याला.

एका वर्षी एका पोरीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं, ‘समाजवाद म्हणजे जो येऊन गेला असं सांगतात तो, आणि साम्यवाद म्हणजे जो येणार येणार असं सांगतात तो.’ बस, दोन ओळी. मी भोपळा दिला, वर सगळ्या वर्गासमोर तिला फाडून खाल्लं. आज ती समोर आली तर पाचपैकी पाच देईन आणि हात जोडीन. कारण निवृत्त होऊन गावी आल्यावर हीच फळ्यावरची रेघ मी गावात ओढली, आणि त्या रेघेनं माझ्याच सख्ख्या बहिणीचं पाणी तोडलं.

आमचं गाव माण तालुक्यात. दहिवडीहून पुढं गेलं की माळ सुरू होतो, त्या माळावर. आमचं घराणं मेंढरांच्या मागं चालणारं. आता सगळ्यांनीच थोडंफार रान धरलंय, निम्मे बाप्ये मुंबईला माथाडीत, पण मेंढरं पुरती सुटलेली नाहीत. आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला गावातच आत्याच्या घरी दिली. दाजी गरीब माणूस, आवाज वर करायचा तो फक्त मेंढरांना हाकताना. त्यांना मूल झालं नाही. पंचवीसेक मेंढरं, चार शेळ्या आणि घरामागं अर्धा एकर रान, एवढा त्यांचा संसार. दर उन्हाळ्यात दाजी मेंढरं घेऊन खाली कराडच्या बाजूला, उसाच्या मुलखात जायचे आणि पाऊसकाळ लागला की परत यायचे. आक्का मागं घर सांभाळायची.

मी परत आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावानं श्रमदान काढलं. ओढ्यावर बंधारा, माळावर चर, आणि बंधाऱ्याच्या खाली सगळ्या गावाची मिळून एक विहीर. सकाळी सहाला शाळेपुढं गोळा व्हायचं, टिकाव, खोरी, पाट्या घेऊन निघायचं ते ऊन तापेपर्यंत. मला तर उधाणच आलं होतं. पेन्शन चालू, गुडघे ठणठणीत, घरात मागं कुणी नाही. मी एक्केचाळीस दिवस गेले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माझा फोटो सांगलीच्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. ‘बाई, तुम्ही नुसतं शिकवत नाही, जगता!’ असं एकानं लिहिलं. मी तो मेसेज चार जणांना दाखवला. कसली मेली हौस!

आक्काही पहिल्या दिवशी आली होती. माझ्यापेक्षा दुप्पट माती उपसली तिनं. दुसऱ्या दिवशी निम्म्या कामातून तिला बोलावणं आलं, दाजींच्या अंगावरून वारं गेलं म्हणून. उजवी बाजू गेली, वाचा गेली. साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं, पंधरवड्यानं घरी आणलं. तेव्हापासून आक्काला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. दाजींचं भरवण्यापासून सगळं तिच्याच हातानं.

पण ती रिकामी बसली नव्हती. श्रमदानाला जाणाऱ्या लेकुरवाळ्या बायका आपली पोरं तिच्या दारात सोडून जायच्या. ‘आक्का, जरा बघा हं’ म्हणायच्या आणि पाट्या उचलायच्या. सहा-सात लेकरं असायची. एक मांडीवर, एक पाळण्यात, दोघं शेळीच्या मागं धावतायत आणि आत दाजी कण्हतायत. मी कामावरून येताना तिथं चहाला थांबायची. माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं ते. हजेरीची वही माझ्याच पिशवीत होती. तिच्या पानावर आक्कापुढं दीड दिवस मांडला होता, आणि तो दीडच राहिला.

विहिरीला पाणी लागलं. गुलाल उधळला गेला. आणि पाठोपाठ भांडण सुरू झालं, कारण पाणी लागलं की भांडण लागतंच. उन्हाळ्यात पाळ्या कशा लावायच्या? शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. गावात ज्याचं रान सगळ्यात मोठं तो पुढं बसलेला. तो म्हणाला, ‘पानी रानाला लागतंय, मान्साला न्हाई. ज्याचं रान जादा त्येला पानी जादा. सरळ हिशेब हाय.’

मागून एक म्हातारा मेंढपाळ उठला. माझ्या वडलांच्या वाड्यातला माणूस. वाडा म्हणजे इथं घर नव्हे. पाच-सात बिऱ्हाडांनी मेंढरं एकत्र करून फिरतीवर जायचं, त्या तांड्याला आमच्यात वाडा म्हणतात. म्हातारा म्हणाला, ‘मान्शी वाटा करा. रेशनवर न्हाई का, घरात तोंडं किती त्येवढंच बघत्यात. तू किती खड्डं खांदलंस आसं इचारतंय का कोन?’

सगळे हसले. मीही हसले. मग सरपंच माझ्याकडं वळला. ‘बाई, तुमीच सांगा. तुमचा तर जलम गेलाय ह्येच शिकवन्यात.’

झालं. तेवढंच पाहिजे होतं. मी उभी राहिले आणि कॉलेजातला पाऊण तास त्यांच्यापुढं वाजवला. एकराप्रमाणे पाणी म्हणजे निव्वळ जमीनदारी, असं त्या मोठ्या रानवाल्याच्या तोंडावर सांगितलं. तो गप झाला, आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मग म्हाताऱ्याकडं वळले. म्हटलं, ‘आबा, तुमचं म्हणणं थोर आहे, पण ते पुढचं. आत्ता विहीर नवी, पाणी बेताचं. आज गरजेप्रमाणे वाटायला गेलात तर जो तो आपली गरज फुगवून सांगणार. म्हणून आधी कामाप्रमाणे. ज्यानं घाम गाळला त्याला पाणी. दोन-तीन पाऊसकाळ चांगले झाले, पाणी वाढलं, की मग गरजेप्रमाणे.’

‘म्हंजी कवा, बाई?’

‘नंतर, आबा.’

‘न्हाई, पर नंतर म्हंजी कवा?’

‘आबा, तुम्ही ना!’ मी म्हटलं, आणि तरुण पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हातारा खाली बसला. त्याचा प्रश्न अर्ध्या जगानं सत्तर वर्षं विचारला होता आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं, हे मी त्या टाळ्यांत विसरले.

नियम मीच लिहिले. जेवढे दिवस काम त्या मानानं आठवड्याला पाणी. पंधरा दिवसांपेक्षा कमी काम असेल तर पाळी नाही. आणि मोठ्या रानवाल्यानं गरिबांच्या पाळ्या विकत घेऊ नयेत म्हणून शेवटी लिहिलं: पाळी विकता येणार नाही, दुसऱ्याला देता येणार नाही, बदलून मिळणार नाही. तीन ‘नाही’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

लिहिताना आक्का आठवली नाही का? आठवली. पंधरा दिवसांच्या ओळीवर पेन थांबलं होतं माझं. पण मनात आलं, आता हिच्यासाठी काही घातलं तर लोक म्हणतील, बाईंनी बहिणीपुरता नियम वाकवला. आणि दुसरं असं की आक्का काय, आपलीच आहे, तिचं काहीतरी बघू मागाहून. परक्याचं मन राखायला आपल्या माणसाला मागं ढकलायचं, आणि तो आपला म्हणून त्यानं समजून घ्यायचं. असले न्याय आम्ही शिकलेली माणसंच करतो.

बैठकीवरून मी थेट तिच्याकडं गेले. तिला आधीच कळलं होतं. ती दाजींना पेज भरवत होती.

‘लय भारी बोललीस म्हनं,’ ती म्हणाली. ‘त्या रानवाल्याची बोलती बंद केलीस. बरं झालं. लय माजलाय त्यो.’

मी भिंतीला टेकून बसले.

‘माझं दीडच दिस झालं न्हवं?’

‘हो, आक्का.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि दाजींचं तोंड पुसलं. मग मला चहा टाकला. त्या ‘बरं’वर मी खरं तर जागीच रडायला हवं होतं. मी चहा प्याले.

आता तिची अडचण काय होती ते नीट सांगते. दाजी अंथरुणाला, म्हणजे मेंढरं खाली उसाच्या मुलखात न्यायला कुणी नाही. ती तिकडं गेली नाहीत म्हणजे उन्हाळाभर दारातच. दारात जगवायची तर हिरवा चारा पाहिजे, आणि चाऱ्याला पाणी. घरामागच्या अर्ध्या एकरात तिनं मका टाकला होता, थोडा लसूणघास टाकला होता. तिची स्वतःची विहीर होळीलाच तळ दाखवायची. गावच्या विहिरीची आठवड्याला एक पाळी मिळाली असती तर पंचवीस मेंढरं जगली असती. एवढाच सगळा प्रश्न होता, आणि त्याला फळा लागत नव्हता, खडू लागत नव्हता.

मला किती पाळ्या मिळाल्या? आठवड्याला दोन. एक्केचाळीस दिवसांची बाई ना मी! आणि माझ्याकडं काय होतं? नव्या घरापुढं आंब्याची सहा कलमं आणि कुंपणाला मोगरा.

पहिला उन्हाळा तिनं कसाबसा काढला. बाभळीच्या शेंगा झोडून आणायची, शेजारणीकडून कडबा मागायची, पहाटे उठून बांधाचं गवत कापायची. दुसऱ्या उन्हाळ्यात मका पिवळा पडलेला बघून मला राहवेना. एके सकाळी माझी पाळी सुरू झाली तेव्हा मी कलमांचा पाईप काढला आणि जोडावर जोड देत तिच्या रानात नेला. पाणी सरीत शिरलं. मेंढरांनी माना वर केल्या. दहा मिनिटंही झाली नसतील, मोटरीवरचा गडी आला. चांगला माणूस, पण त्याच्या मागं मोठ्या रानवाल्याचा पुतण्या, हातात मोबाईल धरून.

गडी खाली बघत म्हणाला, ‘बाई, नियम तुमचाच हाय. पाळी दुसऱ्याला देता येत न्हाई.’

पुतण्या म्हणाला, ‘आसू दे की. बाईंनी दिली तर आमीबी उद्यापासनं चुलत्याला आमच्या पाळ्या देतो. मोकळं झालं समदं.’

मी तोंड उघडलं. जन्मभर ज्या तोंडानं मी वर्गच्या वर्ग गप बसवले, त्यातून शब्द फुटेना. म्हणता आलं असतं की नियम चुकलाय, आजच बैठक बोलवा, मी चुकले. पण ‘मी चुकले’ हे दोन शब्द माझ्या ओठांवर कधी सहज येतच नाहीत. मी विचार करत उभी होते, तेवढ्यात आक्का घरातून आली. तिनं काही विचारलं नाही. वाकली, पाईपाचा जोड सोडवला आणि हातावर वेटोळं घालत घालत पाईप माझ्या बांधापर्यंत आणून ठेवला.

‘तुजं नाव खराब हुईल, बाय,’ ती हळूच म्हणाली. ‘जा, तुज्या आंब्यास्नी पानी दे.’

आणि मी दिलं. पाळी वाया कशाला घालवा म्हणून दिलं.

त्या दिवसापासून मला वडलांचा वाडा आठवायला लागला. वडील वाड्याचे कारभारी. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीमुताचं खत होतं म्हणून, आणि बदल्यात धान्य द्यायचे. ते धान्य मेंढरांच्या मानानं बिऱ्हाडांत वाटलं जायचं. म्हणजे ज्याचं जेवढं त्याला तेवढं. पण वाटायच्या आधी वडील ढिगाच्या वरनं दोन-चार पायल्या बाजूला काढायचे. कुणी बाळंतीण असेल, कुणी तापानं पडला असेल, कुणाची मेंढरं लांडग्यानं मारली असतील, त्यांचं आधी. मग बाकीचं वाटप. कुणी ‘का’ म्हणून विचारत नसे, कारण ती पाळी आज ना उद्या प्रत्येकावर यायची. फळ्यावरचे माझे दोन्ही रकाने त्या एका ढिगात होते, आणि ‘नंतर’ असं काही नव्हतंच. गरजेचं आधी निघायचं. शिकलेल्या जगानं उलटी लावलेली गोष्ट अंगठाबहाद्दर माणसं सरळ लावून बसली होती.

आणि त्या बाजूच्या पायल्यांतून दरवर्षी कोण खायचं? मी. मी साताऱ्याला वसतिगृहात शिकत होते. मेंढरामागं मी एक दिवस चालले नाही. आक्का चालली, घाट उतरली, घाट चढली, पावसात भिजलेली कोकरं खांद्यावर घेऊन चालली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. पण ढीग पडला की वडील म्हणायचे, ‘पोरगी साळंत हाय, तिचं आदी.’ कामाप्रमाणे वाटलं असतं तर मला काय मिळालं असतं? धोंडा! ज्या गरजेच्या वाट्यावर मी शिकले, पोट भरलं, प्राध्यापक झाले, तोच वाटा मी गावाला ‘पुढचं’ म्हणून सांगितला. हे मला कळलं, आणि कळूनही मी महिनाभर बैठक बोलावली नाही. आज बोलावू, सोमवारी बोलावू. मोठ्या रानवाल्याच्या हाती कोलीत नको, लग्नसराई संपू दे. माझ्याकडं कारणांचा तुटवडा कधीच नव्हता.

त्याच महिन्यात कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं. विषय काय, तर साम्यवाद आणि समाजवाद, सिद्धान्त आणि व्यवहार. मी इस्त्रीची साडी नेसून सांगलीला गेले. छान बोलले. शेवटी एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, पण गरज कोण ठरवणार?’ मी म्हणाले, ‘ज्याला दुसऱ्याची गरज दिसते तो.’ सभागृहात टाळ्या पडल्या. मला शाल, नारळ मिळाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच करून ठेवली असावी कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी विट्यावरून एसटीनं गावात आले ती आधी आक्काकडं वळले. तिला शाल द्यावी असं मनात होतं. दारात गेले तर काही आवाज नाही. मेंढरं कोंडायचं जाळं गुंडाळून भिंतीला टेकवलेलं. चारी शेळ्या नाहीत. अंगणात नुसत्या लेंड्या आणि चाकांच्या खुणा.

‘आक्का, मेंढरं?’

‘सकाळी टेंपो आला हुता, म्हसवडचा. दिली.’

‘सगळी?’

‘मग काय निम्मी ठिवू? निम्म्यालाबी चारा लागतुयाच की.’ ती दाजींच्या उशाशी बसली होती. दाजींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण सगळं समजत होतं. ‘ह्यास्नी आत वळवून निजवलं हुतं,’ ती म्हणाली. ‘पर वरडली की गं ती चढवताना. मान्सागत वरडली.’

‘अगं, मला फोन तरी करायचास!’ मी ओरडले. होय, ओरडले, तिच्यावर. चोराच्या उलट्या बोंबा!

‘तू भाषनाला गेली हुतीस न्हवं,’ ती म्हणाली. ‘कशाला मदी आडवं यायचं.’

मग मात्र मी त्याच संध्याकाळी घरोघर फिरले आणि दुसऱ्या सकाळी बैठक लावली. यावेळी भाषण केलं नाही. उभी राहिले आणि म्हटलं, ‘मी चुकले. मी तुम्हाला सांगितलं, आधी काम, गरज नंतर. ते चूक होतं. या वाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गरजेचं आधी निघतं.’ एक तरुण बाई उठली. ती म्हणाली, ‘बाई, आमची लेकरं आक्कांनी संबाळली म्हनून तर आमचं दिस भरलं. आमच्या हजेरीत त्यास्नी निम्मं धरायला पायजे हुतं. आमाला तवाच कळत हुतं, पर तुमी लिवलंय म्हनल्यावर कोन बोलनार?’ मी मान खाली घातली. म्हातारा मेंढपाळ काही बोलला नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

नियम बदलला. एकमतानं. मोठ्या रानवाल्यानंसुद्धा हात वर केला, कुणास ठाऊक कशानं. ठरलं ते असं: पाणी सोडण्याआधी दर उन्हाळ्यात ज्यांचं अडलंय त्यांची यादी करायची, त्यांच्या पाळ्या आधी लावायच्या, उरलेलं पाणी कामाप्रमाणे. यादी तिथंच करायला घेतली. वही माझ्याच हातात दिली. पहिलं नाव कुणी सांगायची गरज नव्हती, सगळी मागं बघायला लागली. आक्का व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. शेजारणीला दाजींपाशी बसवून आली होती.

सरपंच म्हणाला, ‘आक्का, तुमाला आठवड्याला किती पाळ्या पायजेत, सांगा. लाजू नगा. दोन लिवायच्या का तीन?’

मी तिचं नाव लिहिलं आणि पेन धरून तिच्याकडं बघितलं. ती क्षणभर गोंधळल्यासारखी झाली.

‘मला कशाला?’ ती म्हणाली. ‘माझ्यात आता कोन हाय पानी प्यायला? दोन घागरी नळाच्या येत्यात, त्या आमा दोगास्नी बास हुत्यात. माजी पाळी त्या खालच्या आळीच्या बाळंतिनीला द्या, तिची म्हस हाय.’

मी पेन कागदावर टेकवून तशीच राहिले.

‘लिव्ह की गं,’ आक्का मला म्हणाली, अगदी मायेनं. ‘थांबलीस का? मान्सं खोळंबली.’

मग मी माझ्या बहिणीच्या नावापुढं लिहिलं: गरज नाही.